समुद्रावर पडलेलं आरक्षण

समुद्राची साफसफाई मी पिंपरीत बसून करते असं सांगितलं की लोक आधी हसतात. हसू देत. पिंपरीच्या बाजारामागं एक इमारत आहे, खाली चादरी-पडद्यांचं दुकान आणि वर आमचं ऑफिस. तिथं दिवसभर माझ्यासमोर समुद्राचे आकडे येत असतात. पाण्यात तरंगती यंत्रं सोडलेली असतात, ती पाणी किती गरम, प्रवाह कुठल्या दिशेला, लाट केवढी, हे पाठवत राहतात. मासेमारीच्या होड्यांवर डबीएवढं एक यंत्र बसवलेलं असतं, ते होडी कुठं आहे ते सांगतं. यातलं बरंचसं बिनसलेलं येतं. यंत्रावर शिंपले चढले की पाणी भलतंच तापलेलं दिसतं, आणि एखादी होडी एकदम चाकणच्या हायवेवर उभी दिसते. असलं खोटं काढून टाकायचं आणि उरलेलं नीट लावून पुढं पाठवायचं, हे माझं काम. नवरा म्हणतो, "आमची बायको समुद्राला इस्त्री करते." तो चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कंपनीत आहे. स्वतः दिवसभर एकच नट आवळतो, पण बोलायला पुढं.

हे सगळं कशासाठी, तर समुद्राच्या आराखड्यासाठी. आम्ही राहतो चाकणजवळ कुरुळीत, आणि तिथं हे समजावून सांगायला मला अजिबात कष्ट पडत नाहीत. शहराचा डीपी, म्हणजे विकास आराखडा असतो ना, तसा समुद्राचा. मासेमारी कुठं, मोठी जहाजं कुठून जाणार, पवनचक्क्या कुठं उभ्या करायच्या, बंदरातून उपसलेला गाळ नेऊन कुठं टाकायचा. आमच्या घरमालकीणबाई जुन्या गावच्या. त्यांचं निम्मं रान रस्त्यात गेलेलं. त्यांना सांगितलं तर कपाळावर हात मारून म्हणाल्या, "म्हंजी आता समिंदरावर बी आरक्षण पडणार म्हण की! रिकामं दिसलं की पडतंच बघ त्ये. आमचं रान जरा पडीक ऱ्हायलं, तर लगीच म्हणले हितं काय पिकत न्हाई."

मी हसले होते. माझं माहेर कोकणात, किनाऱ्यावर. आम्ही कोळी. बाबांची होडी आता धाकटा भाऊ चालवतो. बाबांना अर्धांगवायूचा झटका आला, तेव्हा मीच त्यांना इकडं आणलं, पिंपरीच्या मोठ्या दवाखान्यात दाखवलं, आणि तेव्हापासून ते आमच्याकडंच आहेत. उजवा हात गेला, जीभ जड झाली, पण डोकं लख्ख. दिवसभर गॅलरीत बसून हायवेवरच्या कंटेनरची रांग बघतात. आई असती तर तिला हे बघवलं नसतं.

आता त्या जागेबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या गावासमोर, बऱ्याच आत, पाण्याखाली एक खडक आहे. आमच्याकडं त्याला खडप म्हणतात. तिथं गळाला हेकरू लागतो, तांब लागते, एकेक मासा उचलताना दोन माणसं लागावीत असा. ती जागा बाबांना त्यांच्या वडलांनी दाखवली, बाबांनी भावाला दाखवली. ती कुणाला सांगायची नाही हा आमच्याकडचा रिवाज. प्रत्येक घराची अशी एखादी जागा असते, आणि प्रत्येक जण दुसऱ्याला चुकवून तिथं जातो. झाकली मूठ सव्वा लाखाची. बाबा तर तिकडं निघताना आधी उलट्या दिशेला होडी घालायचे आणि मग वळायचे.

मला ती जागा सांगितली नव्हती. मी एकदा विचारली होती, दहावीत असताना. बाबा म्हणाले, "तू उद्या दुसऱ्याच्या घरी जाणार. नवऱ्याला सांगशील." मला असला राग आला होता! अजून येतो. माझा नवरा शिरूरकडचा, त्याला पोहता येत नाही, तो ती जागा घेऊन काय लोणचं घालणार होता?

तर होड्यांवर ती यंत्रं बसली, आणि लोकांनी काय केलं? भावानं मला मोठ्या हुशारीनं सांगितलं होतं. खडपाकडं वळायचं झालं की वायर उपटायची. काम झालं, परत रस्त्याला लागलं, की वायर जोडायची. सगळेच तसं करतात. वादळबिदळ आलं तर? "तेव्हा जोडू," म्हणाला. काय बोलणार याच्यापुढं.

एक दिवस ऑफिसात आराखड्याचा कच्चा नकाशा माझ्यासमोर आला. आमच्या गावाची बाजू दिसली म्हणून मी जरा मोठा करून बघितला. गावासमोर आत एक करड्या रंगाचा चौकोन होता. गाळ टाकण्याची जागा. मी आमच्या सरांना विचारलं, इथंच का? सर सरळ माणूस, हळू बोलणारे. ते म्हणाले, "तिथं वापर नाही ना. तुमच्याच फायलीत बघा, होड्यांच्या रेषा तिथं जातच नाहीत."

मी फाइल उघडली. रेषा जात होत्या. चौकोनाच्या कडेपर्यंत येत होत्या आणि तुटत होत्या, आणि काही तासांनी तिथूनच परत सुरू होत होत्या. आमच्या कामात याला सिग्नल गेला म्हणतात, आणि मधलं अंतर सोडून देतात. भावाच्या होडीचा नंबर मला पाठ आहे. हा मूर्ख दर खेपेला तिथंच वायर उपटत होता. त्यांनी ती जागा इतकी नीट लपवली होती की सरकारला ती रिकामी दिसली. आणि रिकामी दिसली म्हणून तिच्यावर बंदराचा चिखल पडणार होता. चिखल बसला की खडप संपलं. मग मासा तिथं कशाला येईल?

जिन्यात जाऊन भावाला फोन लावला. सगळं सांगितलं. तो म्हणाला, "ताय, कोणाला सांगू नको हा."

"मी काय सांगणार? मला कुठं माहीत आहे!"

"नाय, म्हणजे हरकत वगैरे काय घेऊ नको. जागा सांगितली की झालं, उद्या सगळा बंदर तिथं."

"अरे गाळ पडणारे तिथं! गाळ!"

"मग तू तिथंच बसलेली हाय ना? जरा सरकव ना तो चौकोन."

"तो काय जेवणावळीतला पाट आहे का सरकवायला?" मी एवढ्यांदा ओरडले की दुकानातल्या शेटनं खालून वर बघितलं. भावानं फोन ठेवला.

मी आधी दुसरी वाट शोधली. म्हटलं, जागेचं नाव न काढता काम होतंय का बघू. तिथल्या प्रवाहाचे आकडे दाखवावेत, टाकलेला गाळ वाहून किनाऱ्याकडं येतो असं दिसलं तर चौकोन आपोआप उडेल. त्या भागात एक तरंगतं यंत्र होतं. त्याची फाइल काढली, तर पावसाळ्यात त्याचा दोर तुटलेला, आणि पुढं नुसत्या मोकळ्या ओळी. नवीन यंत्र सोडलंच नव्हतं. मी सरांपुढं बसून म्हटलं, पण गाळ वाहणार हे कुणालाही कळतं. सर म्हणाले, "कळतं हो. पण आकडा नसेल तर मला लिहिता येत नाही. तिथं मासेमारी होते असं कुणी पुराव्यानिशी सांगितलं, तर मात्र चौकोन काढावा लागेल. हरकतींची मुदत अजून आहे."

"आणि जागा सगळ्यांना कळली तर?"

"नेमकी जागा आपण बाहेर द्यायचीच नाही. नकाशात मोठा, मोघम पट्टा दाखवू. नेमकं आपल्याकडं राहील." सर खोटं बोलत नव्हते. त्यांना तसंच वाटत होतं, मलाही वाटलं.

त्या रविवारी सकाळी बाबांना चहा दिला आणि त्यांच्यासमोर गॅलरीत बसले. सगळं सांगितलं. ते कंटेनरांकडं बघत राहिले. मला वाटलं, कळलं नाही. मग जड जिभेनं म्हणाले, "त्याला विचारलंस?"

"विचारलं. तो सांगत नाही. तुम्हीच शिकवलंय ना सांगायचं नाही म्हणून."

बाबा हसले की रडले ते त्यांच्या वाकड्या तोंडावरून मला कळलं नाही. मग त्यांनी डावा हात उचलला आणि समोरच्या पाण्याच्या टाकीकडं दाखवला. "ती टाकी बघ. मागं तो टॉवर." मोबाइलचा टॉवर. "आता थोडी सरक. सरक. टाकी टॉवरवर आली?" आली. "तशीच. होडीतून आपल्या देवळाचा कळस डोंगराच्या नाकावर आला पाहिजे. ही एक रेघ." मग दुसरीकडं मान वळवली, कंपनीच्या चिमणीकडं. "आणि इकडून दीपगृह, त्या दोन माडांच्या मधोमध. ही दुसरी. दोन्ही रेघा मिळतात तिथं गळ सोड." एकेक शब्द काढायला त्यांना कष्ट पडत होते. घाम आला होता. मी खुर्ची इकडून तिकडं सरकवत होते आणि खालून दूधवाला बघत होता, या बाईला काय झालं म्हणून.

खोटं कशाला बोलू, मला आनंद झाला. गाळ, चौकोन, सगळं क्षणभर विसरले. बाबांनी मला जागा सांगितली! आमच्या घराण्यात आजवर एकाही मुलीला कुणी ती सांगितली नव्हती. ऑफिसात जाऊन मी त्या दोन रेघा नकाशावर ओढल्या. जिथं मिळाल्या, तो ठिपका करड्या चौकोनाच्या पोटात होता.

भावाला फोन केला. म्हटलं, बाबांनी सांगितली.

"तुला?"

"मला."

त्याला लागलं असणार, हे मला कळत होतं, पण खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. मग म्हणाला, "मग आता माझ्याकडून काय पाहिजे?" मी सांगितलं की काही दिवस वायर काढू नकोस. यंत्र चालू ठेवून जा, तिथं थांब, ये. तोच पुरावा. आणि शपथेवर सांगितलं की नेमकी जागा बाहेर जाणार नाही. तो म्हणाला, "तू सांगतंस म्हणून." पुढच्या दिवसांत माझ्या फाइलीत त्याची रेषा चौकोनात शिरली, एका ठिकाणी गोल गोल फिरून गुंता झाली, आणि परत आली. मी तो गुंता बघून एकटीच हसत होते.

हरकतींवरची सुनावणी तालुक्याच्या गावी होती, एका मंगल कार्यालयात. लग्नाच्या झुंबराखाली पडदा लावलेला. सरांनी लॅपटॉप चालवायला मला बरोबर नेलं होतं. पुढच्या ओळींत मोठ्या बोटींचे मालक बसले होते, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट. मागं आमच्यासारखे छोट्या होड्यांवाले उभे. भाऊ भिंतीला टेकून होता. मी हात केला, त्यानं नुसती मान हलवली.

आमच्या गावचा मुद्दा आला. मी ठरल्याप्रमाणं मोघम पट्टा दाखवला, पडद्याच्या पावभागाएवढा. टेबलामागचे, सुनावणी घेणारे साहेब चष्मा सारखा करून बघत बसले. मग म्हणाले, "एवढा मोठा पट्टा? असं धरलं तर अख्खा समुद्र तुमचाच होईल. गाळ काय मी घरी नेऊन टाकू?" पुढच्या ओळी हसल्या. "नेमकं कुठं ते दाखवा. नाही तर हा मुद्दा आपण सोडू."

सर उठून म्हणाले की साहेब, नेमकी माहिती आम्ही कार्यालयात येऊन देऊ. साहेब म्हणाले, "सुनावणी इथं आहे. जे आहे ते सगळ्यांसमोर."

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी भावाकडं बघितलं. तो खाली बघत होता. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच. पंखे फिरत होते, आणि साहेब पुढचा कागद उचलायला लागले. त्यांनी तो उचलला असता तर आमचं खडप तिथंच संपलं असतं. मी नकाशा मोठा केला. अजून मोठा केला. पडद्यावर भावाच्या होडीचा तो गुंता आला, आणि त्याच्या बाजूला आमच्या प्रोग्रॅमनं स्वतःहून जागेचे आकडे दाखवले, पार शेवटच्या अंकापर्यंत.

पुढच्या ओळीत एकदम मोबाइल वर झाले. सगळ्यांचे. फोटो काढल्याचे बारीक बारीक आवाज आले. मी घाईनं पडदा काळा केला, पण त्याला काय अर्थ होता.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "इथं वापर दिसतोय. गाळाची जागा बदला." मागच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गावच्या एका काकांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला, म्हणाले, पोरीनं नाव काढलं. मी भावाला शोधलं, तर तो निघून गेला होता. बाबांना घरी येऊन सांगितलं, चौकोन उडाला. पुढचं काही सांगितलं नाही. त्यांनी त्या दिवशी दोन घास जास्त खाल्ले.

पावसाळ्याची बंदी उठली, होड्या बाहेर पडल्या, आणि माझ्यासमोर रेषा यायला लागल्या. आधी काही दिवस एक-दोन. मग इतक्या की त्या ठिपक्यावर शाई सांडल्यासारखं दिसायला लागलं. इतकी वर्षं मोठ्या बोटी तिकडं फिरकत नव्हत्या, कारण खडकाला अडकून जाळं फाटायचं. आता खडपाची कड नेमकी कुठं आहे ते त्यांना माहीत होतं. ते कडेकडेनं जाळं ओढून मासा उपसून नेत होते. मी त्या रेषा साफ करत होते, तारीख-वेळ तपासत होते, आणि पुढं पाठवत होते. पगार त्याचाच आहे. सरांना दाखवलं. ते म्हणाले, "आता हे मासेमारीचं क्षेत्र म्हणूनच नोंदलंय. त्यांना अडवायचं कुठल्या नियमानं?" कोण कुणाची माहिती बघू शकतं याचे नियम करायला हवेत, असं त्यांनी वर लिहून पाठवलं. अजून उत्तर नाही.

भावाचे फोन कमी झाले. आले तरी बाबांची तब्येत, माझ्या मुलीची शाळा, बस्स. मी विचारायची, मासळी काय म्हणते? "हाय," म्हणायचा. आगीतून फुफाट्यात पडलो हे आम्ही दोघंही जाणून होतो, आणि दोघंही बोलत नव्हतो.

मग एके दिवशी तो पाठीला बॅग लावून कुरुळीत आमच्या दारात उभा. नवऱ्याला आधीच फोन करून त्यानं सगळं ठरवलं होतं, मला न सांगता. ठेकेदाराकडून कंपनीत लागला, पॅकिंगला. नवरा म्हणाला, "अगं, करेल थोडे दिवस. भावा, शिकशील सगळं, काही अवघड नाही." होडी किनाऱ्यावर ओढून ताडपत्री टाकून आला होता.

बाबांनी त्याला बघितलं आणि एकच विचारलं. "खडप?"

"हाय तिथंच, बाबा," तो म्हणाला.

बाबांनी मान हलवली. त्यांना किती कळलं ते मला माहीत नाही. त्यानंतर त्यांनी तो विषय काढला नाही.

पहिल्या दिवशी त्याला दुपारची शिफ्ट होती. मी डबा भरला. तो दाराशी बसून कंपनीचे जड बूट घालत होता. आयुष्यभर अनवाणी फिरलेली पावलं ती, त्यात शिरत नव्हती. मला ते बघवेना. मी त्याच्यासमोर जाऊन उभी राहिले.

"बोल ना मला काहीतरी! शिव्या दे. आल्यापासून नुसता ताय, भात वाढ, ताय, पाणी दे. मी काय करायला हवं होतं? गाळ पडू द्यायचा होता का तिथं? सांग ना, पडू द्यायचा होता?"

त्यानं नाडी बांधली. एकदा सुटली, परत बांधली. मग वर बघितलं. रागानं नाही. राग असता तर मी भांडले असते.

"गाळ पडला असता ना, ताय," तो म्हणाला, "तर शिव्या द्यायला सरकार तरी होतं."

मग त्यानं माझ्या हातातला डबा घेतला आणि जिना उतरून गेला.